पार्कर बंदुकीची जपानी नक्कल: संग्रहात घ्यावी की नुसती वापरायला?

टिळकवाडीकर
मावसभाऊ अमेरिकेत कनेक्टिकटला असतो. त्याला तिथं पार्कर रिप्रोडक्शन मिळतेय: दुनळी, 28 बोअर (म्हणजे बारा बोअरपेक्षा बारीक नळीची), डीएचई ग्रेड (पार्करच्या प्रतवारीतली एक प्रत). तिथले जुने संग्राहक त्याला म्हणाले, "छान आहे, खुशाल वापर, पण संग्रह म्हणून दाखवू नकोस." माझं मत नेमकं उलटं आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पार्कर ब्रदर्स ही कनेक्टिकटमधल्याच मेरिडन गावची कंपनी. अमेरिकन यादवी युद्ध संपल्यावर बंदुका करायला लागली. 1934 मध्ये रेमिंग्टननं ती घेतली आणि दुसऱ्या महायुद्धात काम थांबलं ते थांबलंच. तोवर 2,42,000 च्या आसपास बंदुका झाल्या होत्या. मग 1980 च्या दशकात जपानमध्ये तोचिगीच्या ओलिन-कोडेन्शा कारखान्यात, जिथं विंचेस्टरच्या बंदुका होत, जुन्या पार्कर खोलून, एकेक भाग मोजून तशाच नव्या केल्या गेल्या. सुमारे बारा हजार झाल्या आणि तेही बंद पडलं.

म्हणजे कारखाना बंद, संख्या ठरलेली, वय चाळिशीच्या घरात, आणि लाकूड-लोखंडाचं जुळणं असं की दोन्हींमध्ये नख जात नाही. संग्रहाला आणखी काय लागतं? रिप्रोडक्शन हे नावातच सांगून टाकलंय, फसवणूक कुठंच नाही. मी भावाला सांगितलंय, घे म्हणून.

शहापूरचे काका
घेऊ दे की, पैसे त्याचे. पण संग्रह म्हणजे काय ते आधी ठरवूया.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट 1909 मध्ये आफ्रिकेला शिकारीला गेले तेव्हा त्यांच्याकडं ए. एच. फॉक्स या अमेरिकन कंपनीची दुनळी होती. ती 2010 च्या लिलावात 8,62,500 डॉलरला गेली. तेवढे पैसे पोलादाचे नव्हेत, नक्षीचेही नव्हेत. फॉक्सच्या बंदुका 1993 पासून कनेक्टिकट शॉटगन ही कंपनी पुन्हा करते, आणि करते उत्तमच. उद्या त्यांनी रूझवेल्टच्या बंदुकीची रेघ न् रेघ उतरवून दिली तरी ती आफ्रिकेला जाऊन आलेली असणार आहे का?

मेरिडनच्या कारागिरानं 1900 साली कानस मारली ती त्या काळच्या गिऱ्हाइकासाठी, त्या काळच्या पोटासाठी. तोचिगीत मापं घेतली गेली. मापातून बंदूक तयार होते, काळ तयार होत नाही.

निपाणीचा दुनळीवाला
काका, आदर राखून सांगतो, तोचिगीच्या कारागिरालाही पोट होतंच की. त्याची कानस तेवढी बिनकाळाची?

आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. फ्रेडरिक बीझलीनं 1880 मध्ये पेटंट घेतलेली आपोआप उघडणारी यंत्रणा लंडनची पर्डी ही बंदूक कंपनी आजही वापरते. आज ऑर्डर दिली तर मिळेल ती बंदूक दीडशे वर्षांपूर्वीच्या आराखड्याची. तिला कुणी नक्कल म्हणत नाही, कारण दारावरची पाटी तीच राहिली. पार्करची पाटी मधे उतरली आणि परत लागली, एवढाच फरक. 2018 मध्ये नवी जावा मोटरसायकल आली तेव्हा जुने जावावाले हेच बोलत होते. आता बेळगावच्या राइडला दोन्ही शेजारी उभ्या असतात.

शहापूरचे काका
शेजारी उभ्या असतात, पण लोक फोटो कुठल्या गाडीचा काढतात ते बघ.

पर्डीचं म्हणशील तर तिथं हात मोडला नाही. शिकाऊ पोरगा उस्तादाजवळ बसून शिकला, त्यानं पुढच्याला शिकवलं. पार्करमध्ये ती साखळी चाळीस वर्षं तुटली होती. फॉक्सचंही तेच झालं. नाव विकत मिळतं रे.

चिकोडीची वहिनी
इथं बायका फारशा बोलत नाहीत, पण आमच्या घरची गोष्ट या वादात बसते.

सासऱ्यांची बारा बोअर घरात "इंग्लिश बंदूक" म्हणून मिरवायची. पट्टीवर डब्ल्यू. रिचर्ड्स कोरलेलं. घरात सगळ्यांची समजूत, ही बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सची. लायसन मिस्टरांच्या नावावर करायची वेळ आली तेव्हा बंदूक नीट बघितली. नळ्या उतरवून खालची सपाट बाजू पाहिली तर लंबगोलात ई, एल, जी अशी इंग्रजी अक्षरं. तो बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीघराचा शिक्का. त्या काळात बेल्जियमहून स्वस्त बंदुका अशाच नामांकित वाटणाऱ्या नावांनी जगभर जात होत्या.

तर काका, आमची बंदूक शंभर वर्षांची आहे, काळ वगैरे सगळं तिच्यात आहे, आणि ती खोटी आहे. टिळकवाडीकरांच्या भावाची चाळीस वर्षांची आहे आणि कुणाची नक्कल ते स्वतः सांगते. माझ्या मते संग्रहात पहिला मान खरं बोलणाऱ्या वस्तूला.

शहापूरचे काका
वहिनी, शिक्का वाचलात, निम्मे बंदूकवाले तेवढंही करत नाहीत. पण तुमची बंदूक खोटी नाही, तिच्यावरचं नाव खोटं आहे. लिएजचा एक खरा जुना नमुना म्हणून मी ती आनंदानं ठेवीन. वर "वेस्टली रिचर्ड्स" अशी चिठ्ठी मात्र लावणार नाही.

जांबोटीकर
तुमचं चालूदे. आमच्याकडं बंदूक भिंतीवर लावायला नसते ओ, पीक राखायला असते. रानडुक्कर भातात शिरलं की हवेत बार काढायचा, एवढंच. मारायचं नाही, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा सगळ्यांना पाठ आहे.

मला वापरणाऱ्याचं सांगायचंय. जुनी विलायती बंदूक दिसायला राणी, पण बऱ्याच जणींची चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसायची जागा, अडीच इंची. आजचं पावणेतीन इंची काडतूस आत जातं, म्हणून माणूस फसतो. लिहिलेली लांबी उडाल्यावरची, बंद असताना ते आखूडच असतं. बार झाला की तोंड उलगडायला जागा नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब वाढतो. त्यात नळी डमास्कसची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून गुंडाळून जोडलेली, काळ्या दारूच्या जमान्यातली असली तर मी खांद्याला लावणार नाही. नवीन पोलादाची, जुन्या घाटाची बंदूक असली तर ती बिनघोर चालते. चालते तीच बंदूक. बाकीचं शोकेस.

शहापूरचे काका
जांबोटीकर, चेंबरचं शंभर टक्के खरं, आणि सगळ्यांनी दोनदा वाचावं. "नळी आतून चकाचक आहे" म्हणून विकणाऱ्यापासूनही जपा. घासून घासून भिंत पातळ केलेली असते. पण डमास्कस नळी ही संग्राहक बघायला घेतो, उडवायला नव्हे. तुमची कसोटी शेताची, माझी कपाटाची.

कोर्टरोड वकील
कपाटाचा विषय निघालाच आहे म्हणून. या चर्चेत आपण सगळे अमेरिकन असल्यासारखे बोलतोय. भारतात शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका लायसनधारकाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, आधी तीन होती. वारसाहक्कानं आलेलीही त्या दोनातच मोजायची. शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमात जुन्या घाटाच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा अवस्थेत असलं तरच. "आजोबांची आहे, जुनी आहे" एवढ्यानं सूट मिळत नाही.

आणि सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करणं 1980 च्या दशकापासून बंद आहे. भावाची पार्कर बेळगावात यायची नाही. इथं जुन्या इंग्लिश दुनळीला भाव येतो त्यात कारागिरीइतकाच वाटा या बंद दरवाजाचा आहे. काकांच्या "काळा"ला आपल्याकडं सरकारनं थोडा हातभार लावलाय.

निपाणीचा दुनळीवाला
वकीलसाहेब, मग तर माझाच मुद्दा पक्का झाला. दोनच ठेवायच्या, तर एक तरी हातात धरता येईल अशी हवी. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. काकांची ती रंगीत पाणी चढवलेली विलायती सुंदरी तिथं चाळीस बंदुकांच्या गर्दीत भिंतीला टेकून उभी राहते आणि निकालानंतर दस्त्यावर चरे, नळीवर गंज घेऊन परत येते. मूळ पॉलिश गेलं की संग्राहकाच्या लेखी निम्मी किंमत गेली. चांगली नक्कल असेल तर मी परत पॉलिश करून घेईन, कुणी नावं ठेवणार नाही.

चिकोडीची वहिनी
आणि खंडेनवमीला हळदी-कुंकू लावू नका म्हणून आमच्याकडं दरवर्षी भांडण होतं ते वेगळंच.

शहापूरचे काका
कुंकवाचं सोपं आहे, कापडावर ठेवा आणि कापडाला लावा.

दुनळीवाल्या, तू संग्राहकाची अडचण सांगतोयस, त्याची चूक दाखवत नाहीयेस. ठेवायला जड जातं म्हणून अस्सल आणि नक्कल यांच्यातलं अंतर कमी होतं का?

टिळकवाडीकर
काका, अंतर आहे हे मीही मानतो. मी फक्त नकलेला वेगळं कपाट मागतोय. स्पेनच्या एइबारमधली आया ही कंपनी लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडच्या धर्तीची साइडलॉक बंदूक (घोड्याची यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेली) स्वतःच्या नावानं करते, आणि तिचे वेगळे शौकीन आहेत. ते तिला गरिबाची हॉलंड म्हणून घेत नाहीत, आया म्हणून घेतात. पार्कर रिप्रोचंही तसंच होईल, 28 बोअरचं तर आधी. मूळच्या 28 बोअर पार्कर इतक्या थोड्या आहेत की बहुतेकांच्या हातात पडेल ती तोचिगीचीच.

शहापूरचे काका
वेगळं कपाट दिलं. पण भावाला सांग, सोबतचा डबा, कागद, पुस्तिका यातलं काही टाकू नकोस, आणि दस्ता आपल्या मापाला कापून घेऊ नकोस. उद्या कुणी तिला मेरिडनची म्हणून विकायला काढली तर तेच कागद पुढं येतील.

जांबोटीकर
कापल्याशिवाय खांद्याला लागायची कशी ओ?