एकलहऱ्याला नवा संच हवाच कशाला?

नाशिकरोडचा_नातू:
आमच्या घरात तट पडलेत. आजोबा म्हणतात, नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राला ६६० मेगावॉटचा नवा वीजनिर्मिती संच मिळालाच पाहिजे. मी म्हणतो, आहेत तेही टप्प्याटप्प्याने बंद करा. २१० मेगावॉटचे ते तीन संच १९७९ ते ८१ दरम्यानचे. आज नवा कोळशाचा संच उभारला तर तो २०५० नंतरही धूर ओकत राहील. आजोबांच्या पिढीला चिमणी म्हणजे प्रगती वाटायची, ठीक आहे. पण त्या हट्टाची किंमत आम्ही का मोजायची?

निफाडकर_बागायतदार:
हट्ट? जानेवारीच्या थंडीत रात्री दोनला मोटर चालू करायला गेलायस का कधी? शेजारी उसात बिबट्या. लाइट कोळशाची की उन्हाची, हे आम्ही कधी विचारलं नाही, दिवसा द्या एवढंच म्हणत होतो. आता सौर पंप आहे. दहा टक्के आम्ही भरले, बाकी अनुदान. बिबट्याच्या भीतीने घेतला, पर्यावरणासाठी नाही.

सिन्नरची_सून:
दादा, पंप चांगलाच. पण बिल नाही म्हटल्यावर ऊन आहे तोवर मोटर बंद करायचं कुणाच्या मनात येत नाही. आमच्याकडे सासरे लाइट गेली की विहिरीला उसंत मिळाली म्हणायचे. आता दिवाळीनंतर लगेच तळ दिसतो. मग बोअर, मग आणखी खोल बोअर. हे पाणी कुणाच्या हिशोबात धरायचं?

एकलहरे_गावठाण:
नातवा, राख आमच्या गच्चीवर पडते, तुझ्या नाही. तरी मी आजोबांच्या बाजूने. जमिनी आमच्या गेल्या, त्यावर ठेकेदारीची कामं, टपऱ्या, राखेच्या विटांचे भट्टेवाले जगतात. सौर पॅनलला इतके हात लागत नाहीत. नव्या संचाला युनिटमागे कोळसाही कमी लागतो. आणि सूर्य मावळल्यावर काय करणार?

नाशिकरोडचा_नातू:
रोजगाराचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. रात्रीचं मात्र आहे. भंडारदऱ्याच्या वर घाटघरचा जलविद्युत प्रकल्प बघा: मागणी कमी असताना खालच्या धरणातलं पाणी वरच्या धरणात चढवायचं, गरजेला खाली सोडून वीज घ्यायची. २५० मेगावॉट. दिवसाची सौर वीज अशीच साठवता येईल.

एकलहरे_गावठाण:
येईल की. फक्त त्या धरणांखाली कुणाचं गाव जाणार, ते आधी सांग.