सिंगापूर-न्यूयॉर्क बिझनेस क्लास: डायरेक्ट की दोहामार्गे? मदत हवी आहे

आईला घेऊन सिंगापूरहून न्यूयॉर्कला जायचंय, तिचे गुडघे फार दुखतात म्हणून यावेळी बिझनेस क्लासच घ्यायचं ठरवलंय. सिंगापूर एअरलाइन्सचं डायरेक्ट विमान १८ तासांच्या वर घेतं, पण त्यात साधी इकॉनॉमी नाहीच, ६७ सीट बिझनेसच्या आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीच्या, त्यामुळे गर्दी कमी. अडचण अशी की बेड करायला उठून सीटची पाठ पुढे पाडावी लागते आणि पाय तिरके ठेवायचे, ते तिला जमेल का? दुसरीकडे कतार एअरवेजचं क्यूस्वीट, म्हणजे त्यांची बिझनेस क्लासची छोट्या केबिनसारखी सीट, दार बंद होतं, दोहाला उतरून पाय मोकळे होतील, पण त्यांच्या प्रत्येक विमानात ते नसतं म्हणे. वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलंय का? प्लीज सांगा, तिला त्रास नको व्हायला.