दोन कप्प्यांच्या तळाची कयाक: लाटांत कितपत भरवशाची?

गळकरी: नमस्कार. मासेमारीसाठी एक कयाक (वल्हवायची छोटी होडी) विकत घ्यायला बघतोय, जुनी वापरलेली. तळ नेहमीसारखा नाही. दोन्ही कडांना लांब फुगीर कप्पे, मधून आरपार बोगदा. रुंदी ९० सेंमी. विकणारे म्हणतात, उभं राहून गळ टाका, उलटणारच नाही. तलावात बसून पाहिली, खरंच हलत नाही. मग समुद्रात न्यायला हरकत आहे का?

सुकाणू: हरकत आहे. तलावात जाणवली ती सुरुवातीची स्थिरता, म्हणजे सपाट पाण्यात सहजी न कलण्याचा गुण. तरंगवणारा भाग कडांना असल्यामुळे या तळात ती भरपूर असते. पण अशी कयाक पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहू बघते. आडवी लाट आली की पृष्ठभागच तिरका होतो आणि कयाकही त्याच्यासोबत कलते. उभे असाल तर तुमचं सगळं वजन वर असतं. एक कप्पा पाण्याबाहेर निघाला की सरळ करणारा जोर झपाट्याने घटतो आणि सावरायला वेळच मिळत नाही.

याउलट ५५ सेंमीची गोलसर तळाची समुद्री कयाक बसल्या बसल्या डुचमळते, नवखा माणूस घाबरतो. पण लाट खालून जाताना ती कमरेखाली डोलते, धड सरळ राहतं. मुद्दाम कलवली तर कडेवर टेकल्यासारखी तोलून राहते. मी दोन्ही प्रकार वल्हवलेत. वारा उठला की माझा भरवसा या अरुंद कयाकवरच.

वेगाचं म्हणाल, तर दोन कप्पे म्हणजे पाण्याला घासणारा भाग जास्त, वल्हवायला जड. सरळ छान जाते, वळताना मात्र हट्टी. अरुंद कयाक कडेवर कलवून वळवता येते, तो उपाय इथे फारसा चालत नाही.

भरती_ओहोटी: सहमत. यात भर म्हणजे ही उलटी झाली की उलटीसुद्धा तितकीच स्थिर! रुंद असल्याने पलीकडची कड हाताला येत नाही. शिवाय कप्पे पोकळ असतात. हॅचचं, म्हणजे कप्प्यात उघडणाऱ्या झाकणाचं, रबर जुनं असेल तर आत पाणी शिरतं, कललेल्या बाजूला धावतं आणि ती बाजू आणखी दाबतं. वापरलेली घेताना हॅच उघडून टॉर्च मारा, आत फोमचे ठोकळे आहेत का बघा.

गळकरी: म्हणजे वेगळा आकार धोक्याचाच? अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवरच्या अल्यूट लोकांच्या कयाकचं पुढचं टोक दुभंगलेलं असतं, ते चित्रांत पाहिलंय.

सुकाणू: अजिबात नाही, आणि तो आकार मला फार आवडतो. खालची बारीक चोच पाणी कापते, वरचा रुंद भाग लाटेत बुडू लागला की टोक उचलून धरतो. सांगाड्याचा कणाही तीन तुकड्यांत जोडलेला, म्हणजे लाटेवर तो थोडा लवतो. अल्यूशियन बेटांच्या वादळी समुद्रासाठी घडवलेली होडी आहे ती. तुम्ही बघताय ती सपाट पाण्यात उभं राहण्यासाठी घडवलीय, तिथे ती उत्तमच आहे.

तलावासाठी जरूर घ्या. फक्त आधी लाइफ जॅकेट घालून, छातीभर पाण्यात, कुणाला तरी सोबत घेऊन ती मुद्दाम उलटवा. पलीकडच्या कडेला पट्टा बांधून ठेवा, तो तळावरून ओढून सरळ करा आणि पोटावर सरकत वर चढा. मदतीशिवाय हे जमेपर्यंत काठ सोडू नका.

गळकरी: रविवारी हेच करून बघतो. पट्टा हँडलला बांधला तर चालेल?

भरती_ओहोटी: मधल्या हँडलला चालेल, टोकाच्या नको. आधी हँडलचे स्क्रू हलवून बघा, सैल असतील तर ओढताना उपटतील.