मुळाशी कुरळे आले म्हणून आख्ख्या केसाला परत केमिकल? नका करू असं!

खानापूरची कुरळी

काल इथं एका ताईंनी लिहिलं होतं : "तीन महिन्यांनी मुळाशी कुरळे दिसायला लागले की समजायचं, या बाईचं स्वतःकडे लक्ष नाही. सरळ पार्लर गाठायचं, मुळापासून टोकापर्यंत परत स्ट्रेटनिंग करून घ्यायचं, आणि तोवर रोज सकाळी इस्त्री." खाली किती जणींनी "अगदी बरोबर" म्हणून माना डोलावल्या! मला रात्री झोप लागली नाही. म्हणून हे लांबलचक लिहिते आहे.

मी सिद्दी समाजातली, आम्ही मूळचे आफ्रिकेकडचे. खानापूर तालुक्यातल्या रानाकडच्या गावातली, शाळा मराठी, आता नोकरीला बेळगावात. माझे केस पेनातल्या स्प्रिंगसारखे. एकोणिसाव्या वर्षापासून रिलॅक्सर, म्हणजे कुरळे केस सरळ करायचं केमिकल क्रीम, लावते, बारा वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी मामेबहिणीच्या लग्नाआधी मुळाशी दोन बोटं कुरळे आले होते. शहरातल्या एका पार्लरमध्ये गेले. "आधी रिलॅक्सर आहे" हे दोनदा सांगितलं. "सगळं एकच असतंय" म्हणत त्या बाईनं आख्ख्या केसाला स्मूथनिंगचं क्रीम लावलं. तिसऱ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं आणि झुपकेच्या झुपके हातात. जिथं नवा कुरळा केस संपतो आणि जुना सरळ सुरू होतो, बरोबर त्या सांध्यावर तुटले. लग्नाच्या प्रत्येक फोटोत माझ्या डोक्याला ओढणी आहे. आई जेवली नव्हती त्या दिवशी.

सगळं एकच नसतं. रिलॅक्सर म्हणजे हायड्रॉक्साइड. त्यानं केसातला गंधकाचा बंध कायमचा बदलतो, परत जुळत नाही. इथल्या पार्लरमधलं स्मूथनिंग, रिबॉन्डिंग बहुतेक थायोचं, म्हणजे थायोग्लायकोलेट या दुसऱ्या केमिकलचं. ते बंध तोडतं, आणि मग न्यूट्रलायझर लावून सरळ केसात ते परत जुळवायचे असतात. एकावर दुसरं चालत नाही, केस तुटतोच. आणि एकाच जातीचं केमिकल असलं तरी जुन्या केसावर परत चढवायचं नाही. जे वाढलं तेवढ्यालाच.

मधल्या दिवसांत मी काय करते ते सांगते. दहा ते बारा आठवडे थांबते. आमच्यासारखे केस महिन्याला पाऊण सेंटीमीटरच्या आसपास वाढतात, म्हणजे तेवढ्यात दोन सेंटीमीटर होतात. त्याच्या आधी क्रीम लावलं तर ते जुन्यावर ओघळणारच. आठवड्यातून एकदा धुते. आदल्या रात्री खोबरेल. धुताना कंडिशनर भरपूर, आधी बोटांनी गुंता सोडवायचा, मग रुंद दातांचा कंगवा, टोकाकडून सुरू करून वर वर. मुळाकडून ओढलात तर सांधा तुटला म्हणून समजा. ओल्या केसांच्या सहा सैल वेण्या घालते. वाळेपर्यंत मुळाचे कुरळे आपोआप ताणले जातात, इस्त्री लागत नाही. रात्री उशीवर जुन्या साटिनच्या परकराचा तुकडा. घट्ट पोनी नाही.

रिलॅक्सर लावायच्या आधी दोन-तीन दिवस डोकं खाजवायचं नाही. जुन्या केसावर आणि कानामागं, कपाळाच्या कडेला व्हॅसलीन. नंतर न्यूट्रलायझिंग शाम्पूचा फेस पांढरा येईपर्यंत धुवायचं. माझ्या बाटलीतला शाम्पू गुलाबी फेस देतो जोवर केमिकल शिल्लक आहे.

मुळाशी कुरळे येणं म्हणजे आळस नव्हे. तो केस वाढतोय. त्याला सांभाळायला जितकं लक्ष लागतं तितकं इस्त्रीला लागत नाही.

शहापूरची पार्लरवाली

तुझं वाचून वाईट वाटलं बाई, खरंच. पण सगळ्या पार्लरवाल्यांना एका दोरीत बांधू नकोस. मी बावीस वर्षं हे काम करतो. गिऱ्हाईक येऊन बसतंय आणि म्हणतंय, "पैसे आख्ख्याचे घेताय तर आख्खंच करा." मी मुळापुरतं करतो म्हटलं की शेजारच्या गल्लीत जातंय. आणि विचारलं, आधी काय लावलंय, तर म्हणणार "काही नाही हो अक्का". काही नाही! क्रीम लावल्यावर डोकं तापायला लागलं की मग कबुली, की काळी मेंदी लावली होती. काही पुड्यांत धातूचे क्षार असतात, न्यूट्रलायझरमधल्या पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस जळाल्यासारखा होतो. गेल्या दिवाळीत एका नवऱ्या मुलीच्या आईनं माझ्या दुकानात उभं राहून शिव्या घातल्या. मेंदी तिनंच लावली होती पोरीला. त्याचं कोण लिहिणार इथं?

टिळकवाडीची ताई

कालचं माझंच आहे ते. मी आपल्यासारख्या केसांबद्दल लिहिलं होतं, सिद्दी केसांबद्दल नाही, मला त्यातलं कळतही नाही. पण "झोप लागली नाही" वगैरे कशाला? सहा वर्षं झाली मी स्ट्रेटनिंग करून घेते. काउंटरवर बसते, दिवसाला दोनशे माणसं समोर येतात. मुळाशी पिंजारलेलं दिसलं की लोक तोंडावर विचारतात, "मॅडम, बरं नाही का?" रोज इस्त्री फिरवते. माझे केस शाबूत आहेत.

खानापूरची कुरळी

ताई, "आपल्यासारखे केस" म्हणजे कुणासारखे? मी पण इथलीच. सातवीत वर्गात बाईंनी माझी वेणी उचलून सगळ्यांना दाखवली होती, "हे बघा, काथ्या." तेव्हापासून मी "आपल्यासारखे" हा शब्द ऐकते आहे.

टिळकवाडीची ताई

मी तसं म्हटलं नाही. शब्द ओढू नका.

वडगावचा बोअरवाला

तुम्ही सगळ्याजणी केमिकलवर भांडूलालायसा, पण पाणी कुणी बघितलंय काय? आमच्या बोअरच्या पाण्यानं कुकरच्या तळाला पांढरा थर बसतोय, गीझरची कॉइल वर्षाला जातेय. तेच पाणी डोक्यावर. माझ्या बायकोनं आयुष्यात कसलं स्ट्रेटनिंग केलं नाही, तरी केस राठ. माहेरी गेली की पंधरा दिवसात मऊ होतात. केस पाण्यानं जातात, केमिकलनं नाही.

हिंडलग्याची वैनी

बरोबर आहे भाऊजींचं. आमच्याकडं राकसकोप धरणाचं नळाचं पाणी येतं त्या दिवशी मी डोकं धुते, बोअरच्या दिवशी धुतच नाही.

अनगोळचा

तुमच्याकडं येतंय तरी! आमच्याकडं पाणी कधी येणार याचाच पत्ता नसतो. रात्री दोनला नळ उघडा ठेवून बसायचं. राकसकोप भरून मार्कंडेय नदीला पाणी सुटतं, फोटो काढायला लोक जातात, आणि आम्ही कॅन विकत घेतो. केस धुवायचं बाजूला राहू दे, भांडी घासायला पाणी नाही.

हिंडलग्याची वैनी

मग ते माझ्यावर का काढताय? मी सोडते का नळ?

अनगोळचा

"येतं त्या दिवशी धुते" असं सहज लिहिता म्हणून राग येतो. आमची म्हातारी आई पाच घागरी जिन्यानं वर नेते.

निपाणीकर

पाण्याचं सोडा. माझ्या बहिणीनं ऑनलाइन मागवलेल्या रिलॅक्सरच्या डब्यावर सूचना इंग्रजीत, बाकी कसल्या कसल्या परदेशी भाषांत, मराठीत नाही, कन्नडमध्येही नाही. किती मिनिटं ठेवायचं ते तिला कळलं नाही. अंदाजानं अर्धा तास ठेवलं. टाळूवर फोड आले, महिनाभर मलम लावत होती. सीमाभागातल्या माणसाला कागद कुठलाही येवो, तो दुसऱ्याच भाषेत असतो. सातबारा असो नाहीतर केसाचं क्रीम.

वडगावचा बोअरवाला

भाषेचं नंतर बघू. पाण्याचं कुणी उत्तर देईना.

चिकोडीचे मास्तर

मी रसायनशास्त्र शिकवायचो, निवृत्त आहे, म्हणून दोन शब्द. जड, म्हणजे दुष्फेन पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण लावला की त्याचा चिकट साका केसावर बसतो, म्हणून राठ लागतात. पण बुडापाशी सांधा तुटणं हे पाण्याचं काम नाही. पाण्यानं केस आख्ख्या लांबीला राठ होतो, एका रेषेवर नेमका तुटत नाही. तेव्हा वडगावकर, तुमचं निदान इथं चुकतंय.

दुसरी गोष्ट मात्र तुमच्या बाजूची. "नो लाय" (लाय म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड) म्हणून जे रिलॅक्सर विकतात, त्यात बऱ्याचदा कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतं, त्यात ग्वानिडीन कार्बोनेट मिसळून ग्वानिडीन हायड्रॉक्साइड तयार करतात. टाळूला जरा कमी झोंबतं, पण केसावर कॅल्शियम ठेवून जातं. त्यावर बोअरचं पाणी पडलं की थरावर थर. मग तो केस कोरडा ठणठणीत होणारच. तिथं ईडीटीए असलेला शाम्पू महिन्यातून एकदा लावावा, तो कॅल्शियम धरून बाहेर काढतो. पाणी उकळून फक्त बायकार्बोनेटचा जडपणा जातो, बाकीचा राहतो.

खानापूरची कुरळी

मास्तर, माझा डबा नो लायचाच आहे. आणि गेल्या वर्षी शहरात खोली बदलली, तिथं बोअरचंच पाणी आहे. तेव्हापासून केस भुश्शासारखे झाले, मी कंडिशनर बदलत बसले. म्हणजे वडगावचे दादा अर्धे बरोबर आहेत. मला ते मान्य करायला आवडत नाही, कारण त्यांनी माझा सगळा मुद्दा पाण्यात बुडवला. पण अर्धे बरोबर आहेत.

वडगावचा बोअरवाला

अर्धं का होईना. घरात कुणी एवढंही म्हणत नाही.

सिव्हिलची सिस्टर

एक सांगू? २०२२ साली अमेरिकेत ३३,४९७ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करायची केमिकल्स वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका ४.०५ टक्के, कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, असा अंदाज त्यात काढला. कारण सिद्ध झालंय असं नाही, पण संबंध दिसला. शिवाय काही केराटिन क्रीममध्ये फॉर्मल्डिहाइड सुटतं, इस्त्रीच्या धुरात ते नाकात जातं. बंद खोलीत करून घेऊ नका.

शहापूरची पार्लरवाली

सिस्टर, माझ्या मावशीनं आयुष्यात डोक्याला शिकेकाईशिवाय काही लावलं नाही, आणि गेली कॅन्सरनं. असल्या आकड्यांनी पोरी घाबरतात. धुराचं मात्र पटतंय. मला स्वतःला केराटिनच्या दिवशी डोळ्याला पाणी येतंय, खोकला रात्रभर. खिडकी मोठी करून घेतली गेल्या साली, अन् पंखा बाहेर तोंड करून लावलाय.

कंग्राळीची आजी

नातीकडून लिहून घेतेय. आषाढात पागोळ्यांचं पाणी धरायचं. पहिला पाऊस कौलं धुऊन जाऊ द्यायचा, मग हंडे लावायचे. त्या पाण्यानं शिकेकाईचा फेस कसा येतो बघा, केस रेशमासारखा. त्याला ना नळ लागतो ना बोअर. आणि पोरी, देवानं दिलेले केस सरळ करायचेच कशाला?

खानापूरची कुरळी

आजी, पाणी धरते, नक्की धरते. आमच्या गावाकडं पावसाला तोटा नाही. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. बारा वर्षांत शंभर जणांनी विचारलं. अर्धे म्हणतात सरळ कर, अर्धे म्हणतात का केलेस. दोन्हीकडचे माझ्याच डोक्यावर बोट ठेवतात. मला सरळ आवडतात, सांभाळायला सोपे जातात, एवढं पुरे. आणि ज्या दिवशी नको वाटतील त्या दिवशी क्रीम बंद करून वर्षभर वाढवीन, टोकं थोडी थोडी कापीन. तेव्हाही हा मधला सांधाच सांभाळायचा आहे.

टिळकवाडीची ताई

सगळं वाचलं. मुळापासून टोकापर्यंत परत करा, हे मी लिहायला नको होतं. पार्लरमध्ये मला तसंच करत आलेत, म्हणून लिहिलं. आता टोकं हातात धरून बघितली, फाटलेली आहेत, आणि खालचा वीतभर केस वरच्यापेक्षा निम्म्यानं पातळ आहे. "शाबूत" म्हटलं होतं मी. काथ्या म्हणणाऱ्या बाईंसारखी मी नाही, पण तुम्हाला तसं वाटलं असेल तर वाटू शकतं. आळसाचं मी मागं घेत नाही, काही जणी खरंच लक्ष देत नाहीत. माझं रिबॉन्डिंग आहे, शेवटचं चार महिन्यांपूर्वीचं. पार्लरवाली पुढच्या आठवड्यात बोलावते आहे. जाऊ का नको?

खानापूरची कुरळी

नको जाऊ ताई. तुमच्या केसाला चार महिन्यांत पाच सेंटीमीटरच्या आत-बाहेर वाढ झाली असेल. रिबॉन्डिंगला लोक सहा महिने, आठ महिने थांबतात. अजून दोन महिने काढा. इस्त्री रोजच्या ऐवजी आठवड्याला एकदा, तीही फक्त पुढच्या बटांना आणि आधी हीट प्रोटेक्टंट लावून. बाकीचे मागं सैल आंबाड्यात. जाल तेव्हा आधी विचारा, क्रीम थायोचंच आहे ना, आणि मुळापुरतंच लावणार ना. फाटलेली टोकं त्याच दिवशी कापून टाका, ती परत जुळत नाहीत.

शहापूरची पार्लरवाली

आणि काळी मेंदी लावली असली तर आत्ताच सांगा ताई.

टिळकवाडीची ताई

...श्रावणात एकदा लावली होती.