कबड्डी स्पर्धांतला फ्लेक्स आणि बाटल्या बंद कराव्यात का?

चढाईवाला_लालबाग
लालबाग-परळ-प्रभादेवी पट्ट्यात हिवाळा आला की कुठे ना कुठे कबड्डीची स्पर्धा असतेच. स्पर्धा आटोपली की मागे उरतं काय? फ्लेक्सच्या कमानी, पाण्याच्या बाटल्यांचा खच आणि त्या एका स्पर्धेपुरते छापलेले पॉलिएस्टरचे टी-शर्ट. माझं म्हणणं, मंडळांनी या तिन्ही गोष्टी बंद कराव्यात. फलक कापडी, पाणी वीस लिटरच्या जारमधून, स्टीलचे पेले. टी-शर्टच्या पैशात दोन गरजू पोरांना मॅटवरचे बूट येतील.

खजिनदार
दादा, मंडप, लाइट, पंचांचं मानधन, बाहेरच्या संघांचं जेवण हे सगळं वर्गणीतून भागतं असं वाटतं का तुम्हाला? देणगीदाराला कमानीवर स्वतःचा फोटो हवा असतो, तोही वाढदिवसाला लागतो तेवढा. त्याला सांगून बघा, कापडावर नुसतं नाव रंगवतो म्हणून. पुढच्या वर्षी फोन उचलणार नाही.

चढाईवाला_लालबाग
१०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. कायद्याकडे बोट दाखवा की देणगीदाराला!

खजिनदार
मग तो जाड बॅनर लावेल. कचरा वाढलाच ना?

मातीचा_माणूस
तुम्ही फांद्या छाटताय, मूळ तसंच आहे. १३ बाय १० मीटरची फोमची मॅट फाटली की भंगारवालाही हात लावत नाही. आम्ही मातीत खेळलो, कचरा शून्य.

कोच_ताई
काका, माती फुकट नसते. संध्याकाळी पाणी मारल्याशिवाय धूळ बसत नाही. शिवाजी पार्कच्या रहिवाशांना विचारा धुळीचं. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले, ते मैदानांच्या पाण्यावरूनच. शिवाय माझ्या मुलींना पुढे मॅटवरच खेळायचंय. सराव मातीत केला की पायाची पकड, उडी, सगळं वेगळं बसतं, आणि सोललेले गुडघे वर.

मॅट वाईट नाही, एकेका मंडळाने स्वतंत्र घेणं वाईट. तीन-चार मंडळांनी मिळून एक घ्यावी आणि वार वाटून घ्यावेत. उन्हापावसात न टाकता ठेवली तर बरीच टिकते. (वार वाटताना भांडणं होतील, तीही मिटतील.)

आणि दिव्यांबद्दल कुणीच का बोलत नाही? जुने ४०० वॉटचे मेटल हॅलाइड काढून साधारण १५० वॉटचे एलईडी लावले तरी मैदानावर पुरेसा उजेड पडतो. तुमचा फ्लेक्स तीन दिवसांचा, दिवे बारा महिने रोज संध्याकाळी जळतात.

मातीचा_माणूस
धुळीचं मान्य. पण तुमची मॅट शेवटी जाणार कुठे, ते नाही सांगितलंत.

खजिनदार
दिव्यांचं पटलं, ताई. बिल माझ्याच हातात येतं. देणगीदाराला म्हणता येईल, कमानीऐवजी दिवे द्या, खांबावर तुमचं नाव वर्षभर राहील. एखादा तयारही होईल. जारही परवडतील, बाटल्यांपेक्षा स्वस्तच पडतात. पण प्रेक्षकांचे ते पेले विसळणार कोण?

चढाईवाला_लालबाग
पहिल्या फेरीत बाद झालेला संघ. टाका नियमावलीत.

खजिनदार
गेल्या वर्षी पहिल्या फेरीत आपणच बाद झालो होतो, दादा.