लहान वर्कशॉपने चेंबर ऑफ कॉमर्सचं सभासदत्व घ्यावं का? (पुणे, भोसरी)

टर्निंग_भोसरी

भोसरी एमआयडीसीत सीएनसी टर्निंगचं काम आहे, पितळी फिटिंग्ज. प्रोप्रायटरशिप, उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म गटात. अडचणी दोन. मोठ्या कंपनीकडे बिलं १२० दिवस अडकतात. दुसरं म्हणजे दुबईच्या खरेदीदाराने पहिल्याच ऑर्डरला चेंबरचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कोणत्या देशात बनला याचा दाखला) मागितलंय. लघुउद्योग संघटनेचं सभासदत्व आहेच. पुण्याच्या मराठा चेंबर ऑफ कॉमर्सचं वेगळं घ्यावं का? सीए आणि सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) करतात त्यापलीकडे चेंबर नेमकं काय करतं?

निर्यात_टेबल

दुबईचं आधी सांगतो, कारण त्याला तारीख आहे.

खरेदीदाराला कोणतं सर्टिफिकेट हवंय ते मेलवर लिहून घ्या. प्रकार दोन आहेत. चेंबर देतं ते नॉन-प्रेफरेन्शियल, म्हणजे माल भारतात बनला एवढीच ग्वाही. त्यावर तिकडे ड्यूटीत सवलत मिळत नाही. १ मे २०२२ पासून भारत-यूएई सेपा हा व्यापार करार लागू आहे. त्याखालची सवलत हवी असेल तर प्रेफरेन्शियल सर्टिफिकेट लागतं आणि ते एक्स्पोर्ट इन्स्पेक्शन कौन्सिलसारख्या अधिकृत संस्थेकडून घ्यावं लागतं, चेंबरकडून नाही. पुष्कळ खरेदीदार सवयीने 'चेंबरचं' म्हणतात आणि मनात सेपाचं असतं. मग माल बंदरात पोचल्यावर वाद होतो. पितळी रॉड आयात केलेला असेल तर सेपासाठी तुमच्या वस्तूचा मूळदेशाचा नियमही बसतो का ते तपासा.

चेंबरच्या सर्टिफिकेटचा अर्ज आता डीजीएफटी या केंद्राच्या परदेशी व्यापार कार्यालयाच्या ई-सीओओ पोर्टलवरूनच होतो. आयईसी (आयात-निर्यात क्रमांक), इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि वाहतुकीचे कागद तयार ठेवा. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा एचएस कोडवर, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकावर. पितळी पाइप फिटिंग ७४१२ मध्ये येते, व्हॉल्व्हचा सुटा भाग ८४८१ मध्ये. इन्व्हॉइसवर एक, शिपिंग बिलावर (कस्टम्सचा निर्यातीचा कागद) दुसरा असं झालं की अर्ज परत येणार. वजनाचंही तेच: पॅकिंग लिस्टवर नेट आणि ग्रॉस वेगळं लिहिलेलं हवं आणि ग्रॉस बिल ऑफ लॅडिंगशी (जहाज कंपनीची मालपावती) जुळायला हवं.

एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, बँकेची पैशाची हमी) असेल तर त्यातलं वाक्य शब्दशः वाचा. 'चेंबरने साक्षांकित केलेलं इन्व्हॉइस' असंही लिहिलेलं असू शकतं, ते काम वेगळं. एलसीत दुसरी मुदत नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत बँकेत कागद सादर व्हायला हवेत. म्हणून जहाज सुटायच्या आधीच मसुदा चेंबरच्या टेबलावर दाखवून घ्या. चूक तेव्हा सापडली तर दुरुस्ती सोपी असते. जहाज सुटल्यावर बिल ऑफ लॅडिंग बदलायचं म्हणजे खर्च आणि दिवस दोन्ही जातात.

वर्षाला दोन-चार कन्साइनमेंट असतील तर नुसत्या सर्टिफिकेटसाठी सभासद होण्याचं गणित बसत नाही.

वसुली_हिशोब

थकबाकीचं. कायदा तुमच्या बाजूने आहे, पण कागद तुमच्याकडे असेल तरच.

एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा) कायदा २००६, कलम १५: लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या वर जाऊ शकत नाही, करार नसेल तर १५ दिवस. पर्चेस ऑर्डरवर '९० दिवस' छापलेलं असलं तरी ते कायद्यापुढे टिकत नाही. कलम १६ खाली व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. बँक दर ५.५ टक्के धरला तर १६.५ टक्के. जीएसटीसह २,३६,००० रुपयांचं बिल मुदतीनंतर चार महिने थकलं तर व्याज होतं साधारण १३,२५० रुपये.

घोळ होतो तो मुदत कधीपासून मोजायची यावर. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून डिलिव्हरी चलनाच्या तुमच्या प्रतीवर गेटचा तारखेचा शिक्का आणि सही हवीच. ड्रायव्हर ती प्रत न घेता परत येतो आणि पुढे कंपनी म्हणते, 'जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) अमुक तारखेचा आहे.' तेव्हा तुमच्या हातात काहीच नसतं. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. उद्यम नोंदणीच्या आधी पुरवलेल्या मालासाठी हा दावा लावू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालात त्याला नकार दिला आहे. नुसता व्यापार करणाऱ्यांना उद्यम असूनही थकबाकीचं हे संरक्षण नाही. तुम्ही उत्पादक आहात, तेव्हा बसता.

तक्रार सरकारी पोर्टलवरून सुकरता परिषदेकडे जाते, थकबाकीचे असे दावे तीच ऐकते. आधी समेट, मग लवाद. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला तो आव्हान द्यायचा असेल तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. या परिषदेत लघुउद्योग संघटनांच्या प्रतिनिधींना जागा आहे, ती कायद्यातच दिली आहे (कलम २१). चेंबर आणि संघटनांचा हा उपयोग फार कमी जणांना माहीत असतो.

टर्निंग_भोसरी

चलनाचा मुद्दा नीट कळला, आभारी आहे. पण परिषदेकडे गेलं की ती कंपनी काम बंद करणार. चाळीस टक्के धंदा तिच्याकडूनच आहे.

वसुली_हिशोब

ही भीती खरी आहे, तिला कमी लेखू नका. म्हणून दावा हा शेवटचा मार्ग ठेवा. त्याच्या आधी चेंबर कामाला येतं, कारण मोठ्या कंपन्याही त्याच चेंबरच्या सभासद असतात. चेंबरच्या एमएसएमई समितीकडे जा आणि नाव न घेता, 'या भागातल्या पुरवठादारांची देणी ४५ दिवसांच्या पुढे जातात' असा विषय लावायला सांगा. त्यासाठी तुमच्यासारखे आठ-दहा जण हवेत, प्रत्येकाची थकबाकी तारखांसकट एका तक्त्यात. एकट्याचा तक्ता असला की नाव उघड होतंच.

खरेदी विभागाऐवजी कंपनीच्या फायनान्सशी बोला, त्यांना तीन गोष्टी बोचतात. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची ४५ दिवसांवरची देणी कंपनीला दर सहामाहीला एमएसएमई-१ फॉर्ममध्ये दाखवावी लागतात. मुदतीत न दिलेल्या रकमेची आयकरातली वजावट पैसे देईपर्यंत मिळत नाही. आणि बिल १८० दिवसांच्या पुढे गेलं की त्यावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर ट्रेड्सवर (बिलांचे पैसे लवकर मिळवून देणारा ऑनलाइन मंच) नोंदणीही सक्तीची आहे. तिथे कंपनीने तुमचं बिल मान्य केलं की बँक थोडी रक्कम कापून (डिस्काउंट) लगेच पैसे देते आणि कंपनीने पुढे पैसे चुकवले तरी बँक तुमच्याकडे मागायला येत नाही. 'आमची बिलं ट्रेड्सवर घ्या' ही मागणी भांडणाची वाटत नाही. चेंबरच्या बैठकीत ती सगळ्यांच्या वतीने मांडता येते.

शेड_नं_४२

वरचं सगळं बरोबर. पण दोन संस्थांची कामं वेगळी आहेत हे धरून चला. रस्ता, ड्रेनेज, पाण्याचा दाब, ट्रान्सफॉर्मर यासाठी तुमची लघुउद्योग संघटनाच जवळची. हे विषय जिल्हा उद्योग मित्र समितीत जातात. तिथे जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात आणि महावितरण, एमआयडीसी, प्रदूषण मंडळ समोर बसलेले असतात. 'वीज सारखी जाते' एवढं लिहिलं तर 'कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर येतं. फीडरचं (तुमच्या भागाला वीज देणारी लाइन) नाव, तारीख, वीज गेली-आली ती वेळ आणि थांबलेली मशिन्स, असा महिन्याचा तक्ता जोडा. मग इतिवृत्तात मुदत लिहून मिळते आणि पुढच्या बैठकीत तिचा जाब विचारता येतो.

वीजदर, अर्थसंकल्प, जीएसटी हे मात्र चेंबरच्या पातळीचे विषय. महावितरणची दरवाढ याचिका आली की वीज नियामक आयोग हरकती मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो. हरकत कुणीही देऊ शकतो, पण आकड्यांनिशी द्यायला अभ्यास करणारी माणसं लागतात. मराठा चेंबर १९३४ पासून आहे, ही माणसं तिथे सापडतात. तुमची शेवटच्या बारा महिन्यांची वीजबिलं त्यांना द्या, लहान शेडचा खरा भार त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचतो.

सभासदत्वाबद्दल माझं मत: महिन्याला एक संध्याकाळ देऊन समितीच्या बैठकीला बसणार असाल तर घ्या. नसाल तर संघटना पुरेशी आहे. फॉर्म भरण्याआधी एमएसएमई आणि परदेशी व्यापार समितीच्या मागच्या वर्षात किती बैठका झाल्या आणि त्यातून कुणाला काय पत्र गेलं ते विचारा. चालत्या समितीला हे सांगायला वेळ लागत नाही.