पायरेट रेडिओ नसता तर जंगल झालंच नसतं (हो, नसतंच)

खर्जप्रेमी (धागाकर्ता):
परवा एका सद्गृहस्थांनी ठोकून दिलं की जंगल आणि ड्रम अँड बेस हे लंडनचं वेगवान नाचसंगीत घडवलं ते अकाईच्या सॅम्पलरनी (रेकॉर्डमधला आवाज उचलून हवा तसा वाजवणारं यंत्र) आणि अटारीच्या कम्प्युटरनी. विनापरवाना चालणारी पायरेट रेडिओ स्टेशनं म्हणजे गच्चीवर चढणारी उनाड पोरं, बाकी सगळी दंतकथा. उत्तर द्यायला गेलो तर तो धागा वाचनमात्र. म्हणून इथे.

अहो, सॅम्पलर कुठे नव्हते? प्रश्न असा, की १९९२ मध्ये पूर्व लंडनच्या पोराने रात्रभर जागून केलेला ट्रॅक वाजवणार कोण? बीबीसीच्या रेडिओ वनला 'वन इन द जंगल' हा कार्यक्रम सुचायला १९९५ उजाडलं. कूल एफएम हे पायरेट स्टेशन १९९१ पासून पूर्व लंडनच्या हॅकनीतून तेच वाजवत होतं. म्युझिक हाउस या स्टुडिओत डबप्लेट, म्हणजे ट्रॅकची एकच सुटी तबकडी, कापून घ्यायची आणि त्याच शनिवार-रविवारी ती हवेत. लॅकरचा थर मऊ, काही डझनदा वाजवली की झिजणार. पण छापील विनाइल रेकॉर्ड दुकानात येईपर्यंत अर्ध्या लंडनला ट्रॅक पाठ. फोन खणखणले की एमसी (माइकवरचा निवेदक) ओरडणार आणि डीजे सुई उचलून तोच ट्रॅक पहिल्यापासून लावणार. काय चाललं आणि काय पडलं ते पोरांना आठवड्यात कळायचं. हे काम सॅम्पलरने केलं का?

मापात_बोला:
साफ असहमत. रेडिओवर फोन येतात, क्लबात माणसं समोर नाचतात. लंडनच्या 'हेवन' क्लबात 'रेज'च्या रात्री फेबियो आणि ग्रूव्हरायडर हे डीजे ब्रेकबीट (जुन्या रेकॉर्डमधले ड्रमचे तुकडे) पळवत होते, ती खरी प्रयोगशाळा. स्टेशनं पुष्कळदा रेव्हच्या (रात्रभराच्या नाचपार्ट्यांच्या) जाहिरातींवर आणि डीजेंकडूनच घेतलेल्या वर्गणीवर चालायची. चळवळ वगैरे म्हणू नका, धंदा होता.

खर्जप्रेमी:
आणि ते फेबियो-ग्रूव्हरायडर आले कुठून? ब्रिक्स्टनच्या पायरेट स्टेशनवरून. असो.

हॅकनीची_सून:
तुम्हा दोघांपैकी, ही स्टेशनं ज्यांच्या गच्चीवरून चालायची, त्या टॉवर ब्लॉकमध्ये कोणी राहिलंय? मी राहिले, अकराव्या मजल्यावर. स्टुडिओ भलत्याच इमारतीत, तिथून लिंकने सिग्नल आमच्या गच्चीवर, ट्रान्समीटर तिथे. सरकारी माणसं येऊन ट्रान्समीटर उचलायची, दोन दिवसांत दुसरा हजर. वीज लिफ्टच्या मशीनरूममधून, कुलूप तोडून. एका रविवारी लिफ्ट बंद, सासूबाईंना छातीत दुखतंय, आणि दोन माणसं त्यांना खुर्चीत बसवून अकरा मजले उतरवतायत. तुमची संस्कृती तेव्हा डोक्यावर धडधडत होती. आमचा चिरंजीवही तेच स्टेशन ऐकायचा. म्हणून काय आरती ओवाळू?

रिकामटेकडा:
थोडं अवांतर. सरकारने दार लावलं की गाणं खिडकीतून येतं, हे आपल्याला लंडनने शिकवायला नको. १९५२ मध्ये आपल्याच नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार केलं, आणि देश रेडिओ सिलोनला जाऊन बसला. तिथली बिनाका गीतमाला त्याच वर्षी सुरू झाली.

गिरगावचा_अण्णा:
सिलोन पायरेट नव्हतं हो! रीतसर सरकारी स्टेशन. आणि केसकरांना झोडपणं फार सोपं आहे. शास्त्रीय संगीताची राष्ट्रीय सभा त्यांच्याच काळातली. आमच्या वडिलांनी शनिवारी रात्री रेडिओला कान लावूनच राग ओळखायला सुरुवात केली, गुरू परवडत नव्हता.

रिकामटेकडा:
वा! आणि आकाशवाणीवर पेटीला बंदी घातली तीही संगीतसेवाच का?

गिरगावचा_अण्णा:
पेटीवरची बंदी १९४० ची, इंग्रजांच्या अमदानीतली. केसकर मंत्री झाले १९५२ ला. आधी वाचा, मग टाइप करा.

रिकामटेकडा:
आणि ती उठली १९७१ ला. म्हणजे मंत्री होते ती सगळी वर्षं केसकर त्या बंदीवर बसून होते. धन्यवाद अण्णा, माझं काम तुम्हीच केलंत.

गिरगावचा_अण्णा:
बसून नव्हते, १९५७ ला त्यांच्याच कारकिर्दीत विविध भारती निघाली!

मापात_बोला:
निघाली, कारण श्रोते सिलोनला पळाले होते. हे मात्र धागाकर्त्याच्या बाजूने जातं. नाइलाजाने नोंदवतो.

खर्जप्रेमी:
उपकार झाले. आता केसकर पुरे करा, धागा लंडनचा आहे. ब्रिटननेही १९९० च्या कायद्यात बेकायदा प्रसारणाला दोन वर्षांची कैद ठेवली, तरी कूल त्यानंतर निघालं, रिन्स एफएम हे दुसरं पायरेट स्टेशन १९९४ ला निघालं. त्याच रिन्सला २०१० मध्ये लायसन्स दिलं. सूनबाईंचा लिफ्टचा मुद्दा मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मग सोळा वर्षं लायसन्स अडवून कोणाचं भलं झालं?

हॅकनीची_सून:
"मान्य, पण". नेहमीचंच.

मापात_बोला:
कायद्याचं सोडा, ड्रमर ग्रेगरी कोलमनचं सांगा. 'द विन्स्टन्स' या बँडच्या १९६९ च्या 'आमेन, ब्रदर'मधला त्याचा सहा-सात सेकंदांचा ड्रम कापून तुमचं अर्धं जंगल उभं राहिलं. त्याला दमडी मिळाली नाही, २००६ मध्ये बेघर अवस्थेत गेला. गच्चीवरच्या चोरीआधीची चोरी ही.

खर्जप्रेमी:
२०१५ मध्ये वर्गणी काढून त्या बँडच्या रिचर्ड स्पेन्सरला चोवीस हजार पौंड दिले गेले.

मापात_बोला:
कोलमन जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. स्पेन्सर वेगळा माणूस.

रिकामटेकडा:
अण्णा, तुम्ही त्या १९५७ चं कारण अजून सांगितलं नाहीत.